मामांची बाग ‘काबिनेट’ निघाली, आणि जर्मन वाइनचं बाकी सगळं सोप्यात

मामा मागच्या वर्षी सप्टेंबरमध्ये आमच्याकडे माइन्झला आले, आणि पहिल्याच शनिवारी मी त्यांना कॅथेड्रलजवळच्या बाजारात घेऊन गेले, भाजी आणायला. सकाळचे दहा वाजलेले आणि तिथे चौकात ही गर्दी, आज्या, आजोबा, बाबागाडीत पोरं घेऊन आलेल्या आया, सायकलवाले, सगळ्यांच्या एका हातात पाव-सॉसेज आणि दुसऱ्या हातात वाइनचा ग्लास. शनिवारचा नाश्ताच असतो तो इथला, आसपासचे द्राक्षवाले शेतकरी येऊन आपापली वाइन विकतात. मामा निफाडचे, तीस वर्षं द्राक्षं पिकवतात, पण थॉमसन, खायची, एक्सपोर्टची. ते थोडा वेळ बघत राहिले आणि मला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, “पोरी, हे लोकं सकाळीच बसले का गं?”

तर हा लेख खरं म्हणजे मामांच्या प्रश्नांमुळे लिहितेय. आपल्याकडे जर्मनी म्हटलं की बिअर, आणि वाइन म्हटलं की फ्रान्स-इटली, मध्ये कोणी विचारच करत नाही. पण या देशात साधारण १ लाख ३ हजार हेक्टरवर वाइनची द्राक्षं आहेत, त्याचे कायद्याने ठरवलेले १३ प्रदेश आहेत आणि त्यातले ६ आमच्या एकट्या ऱ्हाइनलँड-फाल्त्स राज्यात. मी इथे आले तेव्हा दुकानात जर्मन बाटल्यांसमोर उभी राहून मला फक्त घाम फुटायचा, लेबलवर रेल्वेच्या डब्याएवढे लांब शब्द आणि ते पण गॉथिक अक्षरात. एक गोष्ट कळली आणि मग ते सगळं आपोआप सुटत गेलं, ती आधी सांगते.

इथे द्राक्ष पिकणं हाच मोठा प्रश्न होता. होता म्हणतेय, का ते शेवटी येईल.

माइन्झच्या थिएटरसमोरच्या चौकात जमिनीत ५० अक्षांशाची रेघ आखलेली आहे, लोक तिच्यावर पाय ठेवून फोटो काढतात. नाशिक २० अंशांवर. हीच ५० ची रेघ पकडून पश्चिमेला गेलात तर कॅनडात विनिपेगच्या आसपास निघाल, जिथे हिवाळ्यात उणे ३० वगैरे होतं. युरोप अटलांटिकमुळे तेवढा गारठत नाही म्हणून इथे वेल जगते, पण जेमतेम. आपल्याकडे वेल झोपतच नाही, म्हणून एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये फळछाटणी अशी दोनदा कात्री लावावी लागते. इथे हिवाळ्यात वेल मेल्यासारखी उभी असते, तेव्हा एकदाच छाटतात, वसंतात डोळे फुटतात, जूनमध्ये फुलोरा आणि मग सप्टेंबर-ऑक्टोबरपर्यंत जेवढं ऊन मिळेल तेवढ्यात मण्यात साखर भरायची. ऊन कमी पडलं की आंबट पाणी. शेकडो वर्षं इथल्या शेतकऱ्याची सगळी अक्कल एकाच गोष्टीत गेलीय, थोडं जास्त ऊन कुठून आणायचं.

मग साहजिकच ज्याची टंचाई त्याचीच मोजणी. प्फोर्त्सहाइम वगैरे कठीण गावांची नावं सोडा, फेर्डिनांड ओक्सले नावाचा एक कारागीर होता, त्याने एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या अर्ध्यात द्राक्षरसाचं वजन मोजायचं उपकरण लोकप्रिय केलं, आणि ते माप आज पण त्याच्याच नावाने चालतं. एकदम सोपं आहे. एक लिटर पाणी १००० ग्रॅम. एक लिटर द्राक्षरस त्याच्यापेक्षा जितके ग्रॅम जड, तितके ओक्सले. १०७० ग्रॅम भरला तर ७० ओक्सले. जास्त वजन म्हणजे जास्त साखर म्हणजे जास्त पिकलेलं द्राक्ष. आपल्याकडे द्राक्षाची गोडी ब्रिक्समध्ये मोजतात तेच, फक्त वेगळ्या पट्टीवर.

आता लेबलवरचे ते भीतीदायक शब्द. काबिनेट, श्पेटलेझे, आउसलेझे, बेरेनआउसलेझे, ट्रोकनबेरेनआउसलेझे. ही एक शिडी आहे आणि ती तोडताना द्राक्ष किती पिकलं होतं एवढंच सांगते. काबिनेट म्हणजे वेळेवर तोडलेलं, श्पेटलेझे म्हणजे उशिरा तोडलेलं, आउसलेझे म्हणजे निवडक घड. पुढे बेरेनआउसलेझे म्हणजे घडातले मणी एकेक करून वेचलेले, आणि ट्रोकनबेरेनआउसलेझे म्हणजे वेलीवरच वाळून मनुका झालेले मणी वेचून. मोझेल नदीच्या भागात रीसलिंग जातीच्या द्राक्षाला काबिनेटसाठी किमान ७० ओक्सले लागतात, शेवटच्या पायरीला १५०.

हे मी मामांना मोझेलच्या एका बागेत सांगत होते, तिथला शेतकरी आपलं ओक्सलेवालं यंत्र दाखवत होता, तर मामांनी जाकिटाच्या खिशातून स्वतःचा रिफ्रॅक्टोमीटर, म्हणजे गोडी मोजायची नळी, काढला. हो, निफाडहून सोबत आणलेला, का आणला विचारू नका. दोन मणी दाबले, डोळ्याला लावला, १७ ब्रिक्स. शेतकऱ्याच्या यंत्रात ७० च्या किंचित वर. म्हणजे आपल्याकडे एक्सपोर्टचा माल तोडायचा तेव्हा जी गोडी बघतात ती जवळपास इथली काबिनेटची पायरी. मामा खुश, “म्हणजे माझी सगळी बाग काबिनेटच की!” शेतकऱ्याला भाषांतर करून सांगितलं, तो पण हसला. अर्थात थॉमसनची वाइन कोणी पिणार नाही, खायच्या द्राक्षात आंबटपणा आणि वास दोन्ही कमी, पण मामांना ते कशाला सांगा.

इथे एक घोळ सगळेच करतात, मी पण केला. शिडी द्राक्षाच्या गोडीची आहे, वाइनच्या गोडीची नाही. रसातल्या साखरेचं यीस्ट अल्कोहोल बनवतं. सगळी साखर खाऊ दिली तर वाइन कोरडी, मध्येच थांबवलं तर थोडी गोड राहते. म्हणून श्पेटलेझे कोरडी पण असू शकते, मग लेबलवर ‘ट्रोकन’ लिहितात. ‘हाल्बट्रोकन’ म्हणजे अर्धी कोरडी, आणि ‘फाइनहेर्ब’ असं लिहिलं असेल तर त्याची कायद्यात नेमकी व्याख्याच नाही, साधारण तशीच, थोडी गोडसर. आणि काहीच लिहिलं नसेल तर? अल्कोहोलचा आकडा बघा. ८ टक्के असेल तर साखर आत शिल्लक आहे, गोड निघणार. १२ च्या वर असेल तर बहुतेक कोरडी. हा एक आकडा मला कुठल्याही पुस्तकापेक्षा जास्त कामाला आलाय.

आणि शिडीच्या खाली एक साधी पायरी आहे, क्वालिटेट्सवाइन. तिच्यात रस आंबायच्या आधी वरून साखर घालून अल्कोहोल वाढवायची परवानगी आहे, शिडीवरच्या वाइनला ती नाही. खराब वर्षी रसात साखरच नसायची तर शेतकरी करणार काय. एकोणिसाव्या शतकात ट्रियरच्या लुडविग गाल नावाच्या माणसाने मोझेलच्या गरीब शेतकऱ्यांसाठी साखरपाण्याच्या या उपायाचा जोरात प्रचार केला, आणि शुद्धतावाले आणि साखरवाले यांची भांडणं मग पुढे कितीतरी वर्षं चालली.

बरं, मोझेल. १३ प्रदेशांतला मला सगळ्यात वेड लावणारा हाच, म्हणून इथे जरा रेंगाळणार. नदी अशी वळणं घेत जाते की एका गावातून निघून अर्धा तास गाडी चालवली तरी डोंगराच्या पलीकडे तेच गाव. दोन्ही बाजूला उभे कडे आणि कड्यांवर द्राक्षं. ब्रेम गावाजवळ काल्मोन्ट म्हणून उतार आहे, तो ६५ अंशांपर्यंत उभा आहे. माणसं चारी हातापायांवर जातात, माल वाहायला एका रुळावरची छोटी गाडी असते. मामांनी मान वर करून बघितलं आणि पहिला प्रश्न, “औषध कसं मारतात?” शेतकऱ्याचा प्रश्न शेतकऱ्यालाच सुचतो, मला इतक्या वर्षांत सुचला नव्हता. उत्तर, हेलिकॉप्टरने, आणि आता काही जण ड्रोनने. भुरी आणि डाऊनी इथेही आहेतच, दोन्ही अमेरिकेतून आलेले रोग.

एवढ्या उभ्या कड्यावर का लावायचं? परत तेच, ऊन. दक्षिणेकडे तोंड असलेल्या तिरक्या जमिनीवर सूर्याचे किरण सरळ पडतात, सपाटीवर ते पसरून जातात. खाली नदी, तिच्यावरून प्रकाश परत उसळतो आणि थंडी पण थोडी कमी होते. आणि जमीन म्हणजे माती नाहीच, काळ्या-निळ्या पाटीच्या दगडाचे तुकडे, आपली जुनी शाळेची दगडी पाटी असायची ना तोच दगड. दिवसभर तापतो, रात्री उब सोडतो. आपल्याकडे मांडव घालून घडांना उन्हापासून वाचवतात, इथे उलट घडाजवळची पानं काढून टाकतात की बाबा ऊन लागू दे. जुन्या बागांत तर मांडव नाही, तार नाही, प्रत्येक वेलीला एकच खांब आणि तिच्या काड्या वाकवून बदामाच्या आकारात बांधलेल्या. मामांनी त्याचे वीसेक फोटो काढले.

इथली वेल म्हणजे रीसलिंग. जर्मनीत सगळ्यात जास्त लागवड हिचीच, साधारण २४ हजार हेक्टर, म्हणजे जवळपास चौथा हिस्सा. हिचा पहिला कागदोपत्री उल्लेख १४३५ चा, माइन्झजवळच्या र्‍युसेल्सहाइमच्या किल्ल्याच्या हिशेबवहीत, या वेली विकत घेतल्याचा खर्च लिहिलाय. साडेपाचशेहून जास्त वर्षं जुनी खरेदी-नोंद, आणि आपण जीएसटीचं बिल हरवतो. १७८७ मध्ये ट्रियरच्या राज्यकर्त्या आर्चबिशपने फर्मान काढलं की हलक्या जातीच्या वेली उपटा आणि चांगल्या लावा, आणि मोझेलवर रीसलिंग पसरायला त्याने मोठाच हातभार लागला. लाकूड कडक थंडी सोसतं, मोहोर उशिरा, पिकते उशिरा, आणि पिकली तरी आंबटपणा सोडत नाही. ही शेवटची गोष्ट महत्त्वाची. गोड रीसलिंग चिकट लागत नाही कारण गोडाला आंबट धरून ठेवतं, आपल्या कैरीच्या पन्ह्यात गुळाचं आणि कैरीचं जे चालतं तेच. आणि जुनी झालेली रीसलिंग उघडलीत आणि रॉकेलचा वास आला तर बाटली फेकू नका, खराब नाहीये ती, तो या जातीचाच वास आहे. मला तो वास आला की आजीचा स्टो आठवतो, त्यामुळे मी निःपक्षपाती नाही.

मोझेलवर वाइन रोमनांच्या काळापासून आहे. नॉयमागेन गावात वाइनच्या पिंपांनी भरलेल्या नावेचं दगडी शिल्प सापडलं, तिसऱ्या शतकातल्या थडग्यावरचं, वल्ही मारणारे खलाशी वगैरे सगळं कोरलेलं. नदीच्या वरच्या अंगाला, लक्झेंबर्गच्या हद्दीजवळ, एल्ब्लिंग नावाची फार जुनी आंबट जात अजून लावतात. पण मामांना रोमनांपेक्षा वाटणीत जास्त रस निघाला. इथे बापाची जमीन सगळ्या पोरांत वाटायची पद्धत होती, त्यामुळे एकेका शेतकऱ्याकडे डोंगरभर विखुरलेले रुमालाएवढे तुकडे, पुढे सरकारने एकत्रीकरण करून ते जोडले. “म्हणजे सगळीकडं गुंठेच,” मामा म्हणाले.

आणि हो, कार्ल मार्क्स ट्रियरचा, मोझेलवाला. १८१५ नंतर हा भाग प्रशियाकडे आला, बाहेरच्या वाइनवर जकात होती म्हणून मोझेलच्या शेतकऱ्याला भाव मिळाला, त्यांनी भरमसाट लावली, मग प्रशियाने बाकीच्या जर्मन राज्यांशी जकातीचे करार केले, दक्षिणेची स्वस्त वाइन आत आली आणि भाव कोसळले, कर्जं, लिलाव, अमेरिकेला स्थलांतर. १८४३ मध्ये तरुण मार्क्सने कोलोनच्या पेपरात या शेतकऱ्यांची बाजू घेऊन लिहिलं, आणि पुढे त्याने स्वतः सांगितलंय की अर्थकारणाकडे आपण वळलो त्याला जी कारणं झाली त्यात मोझेलचे शेतकरी होते. लासलगावच्या शेजारी राहणाऱ्या माणसाला ही गोष्ट सांगायला फार वेळ लागत नाही. मामा एवढंच म्हणाले, “कांदा.”

आता राईनगाऊ, आमच्या माइन्झच्या समोरचा काठ. ऱ्हाइन नदी दक्षिणेकडून उत्तरेला वाहते, पण इथे टाउनुसचा डोंगर आडवा येतो म्हणून ती साधारण ३० किलोमीटर पश्चिमेकडे वळते, त्यामुळे तिचा उजवा काठ अख्खाच्या अख्खा दक्षिणेकडे तोंड करून बसलाय, पाठीशी डोंगर, उत्तरेचा वारा बंद. छोटा प्रदेश आहे, ३ हजार हेक्टरच्या आसपास, पण मान मोठा. एबरबाखचा मठ ११३६ चा, तिथल्या साधूंनी शेकडो वर्षं वाइन केली. इंग्रज जर्मन वाइनला ‘हॉक’ म्हणतात तो शब्द इथल्याच होखहाइम गावावरून आला. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी लंडनमध्ये इथल्या चांगल्या रीसलिंगला फ्रान्समधल्या बोर्दोच्या बड्या वाइनइतका, कधी त्याहून जास्त भाव होता, आज सांगून पटत नाही कोणाला.

योहानिसबेर्गची गोष्ट मात्र ऐकाच. ही बाग फुल्दाच्या मठाधिपतीच्या ताब्यात होती, १७२० मध्ये तिथे रीसलिंग लावली. नियम असा की तोडणी सुरू करायची तर फुल्दाहून परवानगी यायला हवी, त्यासाठी घोडेस्वार जायचा. १७७५ मध्ये तो स्वार काही आठवडे उशिरा परतला. का, ते कोणालाच माहीत नाही, प्रत्येक गाइड वेगळं सांगतो. तोवर मणी सडून सुरकुतले होते, वर राखाडी बुरशी. टाकून कुठे देणार, म्हणून तसंच पिळलं, आणि वाइन अशी निघाली की सगळे गार. घोडेस्वाराचा पुतळा आज तिथल्या अंगणात आहे, उशीर केल्याबद्दल पुतळा मिळालेला माझ्या माहितीत हा एकच सरकारी निरोप्या. ती बुरशी म्हणजे बोट्रायटिस. पावसाळी हवेत ती निव्वळ सड, मामा तिचं नाव काढलं तरी कपाळाला आठ्या घालतात. पण सकाळी धुकं आणि दुपारी कोरडं ऊन असं जमून आलं की ती मण्याची साल भोकं भोकं करते, पाणी उडून जातं आणि आत साखर, आंबटपणा, वास सगळं दाट होऊन राहतं. शिडीच्या वरच्या दोन पायऱ्या बहुतेक यातूनच बनतात. म्हणून किंमत पण तशी, २०१५ मध्ये ट्रियरच्या लिलावात झार नदीकाठच्या एगोन म्युलर यांच्या २००३ च्या अशा एका बाटलीला १२ हजार युरो आले. मामांनी ते रुपयात करून बघितलं आणि मग बराच वेळ बोलले नाहीत.

आता आमचा स्वतःचा प्रदेश, राईनहेसन. सगळ्यात मोठा, जवळपास २७ हजार हेक्टर, आणि मोझेलसारखं नाट्य काही नाही, हळूहळू चढणाऱ्या टेकड्या, ट्रॅक्टर चालतो, मशिनने तोडणी होते. याच सपाटीमुळे इथे सगळ्यात चांगलं आणि सगळ्यात वाईट दोन्ही घडलं. वाईटाची सुरुवात एका चांगल्या माणसापासून होते. हेर्मान म्युलर, स्वित्झर्लंडच्या थुरगाऊचा, १८८२ च्या सुमारास गाइझेनहाइमच्या संस्थेत संकर करत होता. रीसलिंगचा दर्जा आणि लवकर पिकायची सोय अशी वेल हवी होती. मिळाली ती म्युलर-थुरगाऊ, लवकर पिकणारी, कुठेही लावा, माल भरभरून. शंभरेक वर्षं सगळे समजत होते ती रीसलिंग आणि सिल्व्हानरची पोर, मग डीएनए तपासला तर बाप कोणी तिसराच, मादलेन रोयाल. दुसऱ्या महायुद्धानंतर बटाट्याच्या सपाट शेतांत पण ही वेल गेली आणि गोडसर स्वस्त वाइनचा पूर आला.

त्या पुराचं नाव लीबफ्राउमिल्श. मूळ नाव वोर्म्सच्या मेरीमातेच्या चर्चभोवतीच्या छोट्या बागेचं, आणि होती ती चांगली वाइन. पुढे ते नाव कोणत्याही मिक्स गोड वाइनला लागलं, ब्लू नन वगैरे ब्रँड सत्तर-ऐंशीच्या दशकात इंग्लंड-अमेरिकेत धो धो खपले आणि जर्मन वाइन म्हणजे स्वस्त साखरपाणी हे जगाच्या डोक्यात बसलं ते अजून पूर्ण गेलेलं नाही. त्यात १९७१ च्या कायद्याने तेल ओतलं. एक तर दर्जा फक्त साखरेवर ठरवला, मग सपाटीतली कुठलीही लवकर गोड होणारी संकरित वेल पण कागदावर श्पेटलेझे. दुसरं म्हणजे नावं. पीसपोर्टर गोल्डट्र्योप्फ्शेन ही एक खरी, नावाजलेली उताराची बाग. पीसपोर्टर मिशेल्सबेर्ग मात्र अनेक गावांच्या मिळून केलेल्या मोठ्या गटाचं नाव. लेबलवर दोन्ही सारखीच दिसायची, गिऱ्हाइकाने ओळखायचं कसं? म्हणजे देवगडची पेटी बघून घ्यावी आणि आत आंबे भलतीकडचे निघावेत, आणि ते सगळं कायदेशीर. चिडलेल्या उत्पादकांची एक जुनी संघटना आहे, व्हीडीपी, १९१० ची, तिने स्वतःची जागेवर आधारलेली प्रतवारी केली. बाटलीच्या मानेवर द्राक्षाचा घड पोटाशी धरलेला गरुड दिसला की ते त्यांचं. त्यांची सगळ्यात वरच्या बागेतली कोरडी वाइन म्हणजे ग्रोसेस गेवेक्स, बाटलीवर जीजी. २०२१ मध्ये मग सरकारने पण कायदा बदलून ‘जागा जितकी नेमकी तितका दर्जा वर’ असं तत्त्व आणलं, तयारीला काही वर्षांची मुदत देऊन. आणि राईनहेसनमध्ये नव्या पिढीच्या पोरांनी गेल्या वीस-पंचवीस वर्षांत आजोबांच्या सोडून दिलेल्या बागा परत धरून अशा वाइन केल्यात की मी शेजारी म्हणून नाही, खरंच सांगते, किंमतीच्या मानाने इथे मिळतं ते कुठे नाही.

खाली दक्षिणेला फाल्त्स, आकाराने दुसरा. पश्चिमेला हार्टचे डोंगर पाऊस अडवतात त्यामुळे इतकं ऊबदार की अंजिराची झाडं आहेत आणि मार्चमध्ये बदामाला गुलाबी फुलं येतात, ती बघायला जत्रा भरते. इथे वाइनचा ग्लास अर्ध्या लिटरचा, बोटं रुतायला खळगे पाडलेला, त्यात वाइन आणि सोडा. मामांना ही पद्धत एकदम पटली.

फ्रांकन म्हणजे वुर्त्सबुर्गचा भाग, बव्हेरियातला, आणि इथे राणी रीसलिंग नाही, सिल्व्हानर. १६५९ मध्ये कास्टेल गावात तिची पहिली रोपं लावल्याची नोंद आहे. मातकट, साधी, वास कमी, पण वसंतात पांढरा अस्परॅगस येतो तेव्हा त्याच्याबरोबर हीच. बाटली चपटी गोल, बोक्सबॉयटल नावाची, कपाटात कुठेच नीट बसत नाही. नाहे छोटा आहे पण तिथे जमिनीचे इतके प्रकार आहेत की एकाच शेतकऱ्याच्या तीन रीसलिंग तीन गावच्या वाटतात. मिटेलराईन म्हणजे लोरेलायचा कडा, किल्ले, पर्यटकांच्या बोटी, आणि बागा मात्र दरवर्षी कमी होत चालल्या कारण त्या कड्यांवर काम करायला माणूस मिळत नाही. हेसिशे बेर्गश्ट्रासे एवढासा आहे, तिथली वाइन तिथलेच लोक संपवतात.

व्युर्टेम्बेर्गचं पण तसंच, श्टुटगार्टच्या आजूबाजूला. इथे लाल जास्त. ट्रोलिंगर म्हणजे फिकट लाल, सरबतासारखी, बाहेरच्यांना तिचं कौतुक का तेच कळत नाही, आणि लेम्बेर्गर म्हणजे गडद, मसालेदार, ती मात्र मला आवडते. श्टुटगार्टचे मराठी लोक तुम्हाला ‘बेझन’ला घेऊन जातील, नक्की जा. शेतकरी दारावर झाडू टांगतो, म्हणजे आज घरात वाइन मिळेल. स्वतःच्याच बागेची वाइन विकायची, वर्षातून जास्तीत जास्त चार महिने, सोबत साधं जेवण. गोठ्यात किंवा ओसरीत बाकं टाकलेली असतात.

लालचा मोठा मानकरी श्पेटबुर्गुंडर, म्हणजे फ्रान्सची पिनो न्वार. जर्मनी यात फ्रान्स-अमेरिकेनंतर जगात तिसरा आहे हे जर्मनांना पण माहीत नसतं. बाडेनमध्ये, काळ्या जंगलाच्या पायथ्याशी, कायझरश्टूल नावाच्या जुन्या ज्वालामुखीच्या टेकडीवर ती फार छान येते, देशातला सगळ्यात गरम कोपरा तो. आणि गंमत म्हणजे पार उत्तरेला, बॉनजवळच्या आर नदीच्या अरुंद घळीत पण लालच, वाइनचा मोठा हिस्सा. तिथल्या मायशोसमध्ये १८६८ मध्ये शेतकऱ्यांनी सहकारी संस्था काढली, व्यापारी भाव पाडत होते म्हणून. १४ जुलै २०२१ च्या रात्री या घळीत पूर आला, एकट्या त्या खोऱ्यात १३० हून जास्त माणसं गेली, तळघरं चिखलाने भरली, पिंपं वाहून गेली. मग चिखलाने माखलेल्या बाटल्या न धुता तशाच विकून मदतीचा पैसा उभा केला, ‘फ्लुटवाइन’ नावाने. माझ्याकडे एक आहे. चिखल वाळून भेगाळलाय, उघडायचं धाडस झालेलं नाही.

आणि पूर्वेकडचे दोन, साले-उन्स्ट्रूट आणि झाक्सन. ५१ अंशाच्या पलीकडे, पूर्व जर्मनीच्या काळात बऱ्याच पायऱ्यांच्या बागा ढासळल्या, ९० नंतर परत बांधल्या. झाक्सनमध्ये गोल्डरीसलिंग नावाची एक वेल आहे जी जवळजवळ तिथेच मिळते, त्यामुळे ड्रेस्डेनला गेलात तर तीच मागा.

आता ते ‘होता’वालं. हे सगळं शास्त्र ऊन कमी म्हणून उभं राहिलं, आणि गेल्या तीस-चाळीस वर्षांत ऊन वाढलं. रीसलिंग पूर्वी ऑक्टोबर अखेर, नोव्हेंबरपर्यंत तोडायचे, आता बऱ्याच ठिकाणी सप्टेंबरमध्येच कात्री लागते. जुने शेतकरी सांगतात की त्यांच्या बापाला दहातली दोन-तीन वर्षं धड मिळायची. आता साखर आपोआप भरते, उलट आंबटपणा टिकवायची काळजी, आणि कडाक्याच्या उन्हात मण्यांना चट्टे पडतात म्हणून काही जण घडावरची पानं मुद्दाम ठेवतात, मामांना हे ऐकून बरं वाटलं. झारसारख्या थंड उपनदीच्या बागा, जिथे पूर्वी बरीच वर्षं द्राक्ष पिकायचंच नाही, त्यांनाच आता मागणी. आणि साखरेच्या शिडीला अर्थ उरला नाही, कारण साखर आता कोणालाही मिळते.

फटका बसलाय तो आइसवाइनला. द्राक्षं तोडायचीच नाहीत, वेलीवर ठेवायची, डिसेंबर-जानेवारीत एखाद्या रात्री उणे ७ किंवा त्याखाली गेलं की पहाटे अंधारात दिवे लावून तोडायची आणि गोठलेलीच पिळायची. पाणी बर्फ होऊन मागे राहतं, दाट रस तेवढा थेंब थेंब निघतो. हा शोध पण असाच, १८३० च्या फेब्रुवारीत, बिंगेनजवळ ड्रोमर्सहाइममध्ये, आमच्यापासून अर्ध्या तासावर, खराब वर्षाची न तोडलेली द्राक्षं जनावरांना घालायला काढली आणि रस चाखला तर हे. २०१९ च्या हंगामात मात्र १३ च्या १३ प्रदेशांत कुठेही ती थंडी पडली नाही आणि देशात एक थेंब आइसवाइन झाली नाही, असं पहिल्यांदाच घडलं. थंडी हवी तेव्हा नाही आणि नको तेव्हा हजर, कारण वसंत लवकर येतो, डोळे लवकर फुटतात आणि मग एप्रिलच्या एका रात्री दव गोठतं. २०२४ मध्ये पूर्वेच्या दोन्ही प्रदेशांत तसंच झालं, कोवळे फुटवे काळे पडले, लोक रात्रभर बागेत मेणाचे डबे पेटवून बसले होते.

मामा ज्या शेतकऱ्याशी काबिनेटवरून हसले होते त्याने दोन ओळी आइसवाइनसाठी जाळी लावून ठेवल्या होत्या, पक्ष्यांपासून. मामांच्या डोक्यातून ते काही जाईना. जानेवारीत पहाटे त्यांचा फोन आला, मागे जाळाचा तडतड आवाज. निफाडला पारा सहावर उतरलेला, मणी तडकायला नकोत म्हणून बागेत जागोजाग शेकोट्या पेटवून सगळं घर जागं.

“त्या माणसाला पडली का गं थंडी, मायनस सातची?”

मी खिडकीतून बघितलं. “नाही मामा. इथे नऊ आहे. पाऊस पडतोय.”